मापाचे, हाताने शिवलेले बूट आणि त्यांचं फिनिशिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यातल्या आमच्या छोट्या कारखान्यात माप द्यायला येणारे आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारणारे, दोघांचेही प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथं एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. कारागिरीची उत्तरं मुद्दाम लांब दिली आहेत, कारण बूट घेताना लोक वरची चकाकी बघतात आणि कडा बघत नाहीत. आपल्याकडच्या हवेत बूट खराब व्हायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा कडेपासूनच.

१. बेस्पोक म्हणजे नक्की काय? पणजीच्या एका दुकानात पाय मोजून बूट मागवून देतात, ते हेच का?

नाही. तिथं तुमचा पाय मोजून तयार फर्म्यांपैकी (फर्मा म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा) जवळचा फर्मा निवडतात. रंग, चामडं, सोल तुमच्या पसंतीचा असतो, पण आकार आधीच ठरलेला असतो. बेस्पोकमध्ये फर्मा तुमच्या पायावरून तयार होतो, डाव्याचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा. लाकूड तासून तो करतात, किंवा जवळच्या मापाच्या फर्म्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून, ते घासून हवा तो उंचवटा आणतात. मग साध्या चामड्याचा ट्रायल जोड घालून बघायचा, कुठं दाबतो ते पाहायचं, फर्मा दुरुस्त करायचा आणि त्यानंतरच खऱ्या चामड्याला रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, लावायची. आपल्या भाषेत 'मापाचे बूट' म्हटलं तरी पुरे, फक्त माप फर्म्यापर्यंत पोचलं आहे का ते विचारून घ्या.

२. माप कधी द्यावं?

दुपारनंतर. दिवसभरात पाय थोडा फुगतो, सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी आवळतो. माप उभं राहूनच द्या आणि त्या बुटांत जे मोजे घालणार तेच घालून या. चवड्याचा घेर, मधला घेर, पायाच्या वरच्या उंचवट्याचा घेर आणि टाचेवरून उंचवट्यापर्यंतचा घेर अशी मापं दोन्ही पायांची घेतो. 'माझे दोन्ही पाय सारखेच आहेत' असं सांगणाऱ्या बहुतेकांच्या पायांत फरक निघतोच.

३. ऑक्सफर्ड घ्यावा की डर्बी?

ऑक्सफर्डमध्ये लेसच्या दोन्ही बाजू पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या असतात, त्यामुळं तो बंद आणि नेटका दिसतो. डर्बीत त्या वरून बसवलेल्या आणि सुट्या असतात, म्हणून पाय फुगला तर जागा मिळते. पायाचा उंचवटा जास्त असेल किंवा दिवसभर उभं राहण्याचं काम असेल तर डर्बी. गोव्याच्या उकाड्यात मी दहापैकी सात जणांना डर्बीच सुचवतो.

४. 'हँडमेड' तर सगळेच लिहितात. नक्की काय हाताने केलेलं असतं?

हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा आणि उत्तर 'वेल्ट कशावर शिवलाय?' इथपर्यंत नेऊन सोडा. वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेभोवती शिवलेली चामड्याची पट्टी, तिलाच पुढं सोल जोडतात.

बुटाच्या आत पायाखाली इनसोल असतो. हातकामात तो चार-पाच मिलिमीटर जाडीच्या चामड्याचा घेतात, भिजवून फर्म्याला बसवतात आणि खालच्या बाजूनं कडेकडेनं खाच पाडून त्या चामड्यातच एक कंगोरा तयार करतात. वरचं चामडं फर्म्यावर ओढून घेतलं की वाकड्या आरीनं त्या कंगोऱ्यातून भोक पाडायचं आणि इनसोल, वरचं चामडं, वेल्टची पट्टी हे तिन्ही एका टाक्यात बांधायचं. दोरा लिननचा, अनेक पदर पिळून केलेला, राळ आणि मेण चोळून काळसर चिकट झालेला. एकाच भोकातून दोन टोकं समोरासमोरून जातात आणि ओढून आवळली जातात. पूर्वी दोऱ्याच्या टोकाला डुकराचा राठ केस बांधत, म्हणजे आरीच्या वळणदार भोकातून तो वाट काढत जाई. आता बारीक सुई किंवा नायलॉन वापरतात.

यंत्राच्या गुडइयर वेल्टमध्ये चामड्यात खाच पाडत नाहीत, इनसोलखाली कॅनव्हासची पट्टी चिकटवून तिच्यावर शिवतात. तो वाईट बूट नव्हे, चांगला टिकतो. पण सगळा भार शेवटी त्या पट्टीच्या गोंदावर येतो. ब्लेक पद्धत, जिचं यंत्र लायमन ब्लेक यांनी १८५८ मध्ये पेटंट केलं, त्यात सोल थेट इनसोलला आरपार शिवतात. असा बूट हलका आणि लवचीक होतो, मात्र टाक्यांच्या भोकांतून पाणी सरळ आत येऊ शकतं. तिसरा प्रकार नुसता चिकटवलेला.

चामडं कापणं आणि वरच्या भागाची शिवण यंत्रावर झाली तर मला त्यात कमीपणा वाटत नाही. आमच्याकडेही अस्तर आणि वरचा भाग मशीनवर शिवतो. वेल्ट, सोलची शिवण, टाच आणि कड मात्र हातानेच.

५. मी काही कारागीर नाही. तयार बूट हातात घेतल्यावर काम चांगलं आहे हे कसं ओळखू?

जोड टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि डोळे बुटाच्या उंचीवर आणा. पुढच्या टोकाच्या आडव्या शिवणी दोन्ही बुटांवर एका रेषेत हव्यात. मागची उभी शिवण सरळ उभी असावी. दोन्ही चवड्यांवरच्या चामड्याचा पोत सारखा आहे का ते बघा: पाठीकडचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं सैल आणि ताणणारं. एका बुटाला पाठ आणि दुसऱ्याला पोट लागलं असेल तर सहा महिन्यांत एकावर बारीक सुरकुत्या दिसतील आणि दुसऱ्यावर जाड घड्या.

मग डोळे मिटून बोट आत घाला. टाचेभोवती आतून कडक चामड्याचा तुकडा असतो. तो संपतो तिथं बोटाला पायरी लागता कामा नये. चांगला कारागीर त्या तुकड्याची कड रापीनं कागदाहून पातळ होईपर्यंत छिलत नेतो. बोटाला पायरी लागली तर ती पुढं तुमच्या पायालाही लागणार.

टाच बाजूने बघा. ती चामड्याच्या थरांची असते, पण थरांमध्ये फट दिसू नये, बोट फिरवलं तर एकच ठोकळा वाटला पाहिजे. काही जुन्या घडणीच्या बुटांत टाचेचा आतला पुढचा कोपरा किंचित कापलेला असतो. तो दोष नव्हे, दुसऱ्या पायाची विजार त्यात अडकू नये म्हणून मुद्दाम कापतात.

६. इंचाला किती टाके असले की चांगले?

सोल वेल्टला जोडणारे बाहेरचे टाके इंचाला ८ ते १० असले की काम चांगलं. कसलेले हात १२ आणि त्याहूनही जास्त घालतात, ते दिसायला फार सुंदर असतं. पण भोकं फार जवळ आली की वेल्ट तिकिटासारखा फाटायची भीती, त्यामुळं नुसत्या आकड्यावर जाऊ नका. आतले टाके (प्रश्न ४) याहून खूपच लांब, इंचाला तीन-चार असतात. तिथं बारीकपणापेक्षा आवळ महत्त्वाची.

७. सोलच्या कडेला एवढा वेळ का लागतो? काळा रंग लावला की झालं ना?

हा प्रश्न आला की मी समोरच्याला कारखान्यात बसवून घेतो.

शिवून झालेल्या सोलची कड आधी रापीनं सारखी कापायची, मग कानसायची, मग काचेच्या फुटक्या तुकड्यानं खरवडायची. काच हे आजही सर्वांत चांगलं हत्यार आहे, कारण नवा तुकडा तोडला की नवी धार मिळते. नंतर पॉलिशपेपर, आधी जाड, मग बारीक. मग कड ओल्या फडक्यानं पुसायची. पाण्यानं चामड्याचे तंतू उठतात, ते वाळले की पुन्हा बारीक पेपर. हे दोन-तीनदा करावं लागतं. आपल्याकडच्या म्हशीच्या सोलचे तंतू जाड असतात, त्याला आणखी एखादी फेरी लागते.

त्यानंतर रंग, आणि तो मुरल्यावर गरम लोखंड. कडेच्या जाडीचं, खाचेचं लोखंड स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं आणि गालाजवळ नेऊन ऊब बघायची. जास्त तापलं तर चामडं करपतं, कमी तापलं तर मेण वितळत नाही. मेण लावलेल्या कडेवरून ते दाबून ओढलं की तंतू खाली बसतात, मेण आत जातं आणि फिकट, खरखरीत कड काचेसारखी बंद होते. चुर्र असा बारीक आवाज येतो. तो सलग आला पाहिजे, मध्ये तुटला तर तिथं मेण कमी आहे. शेवटी फडक्यानं चोळायचं. मला एका जोडाच्या कडेला पाच-सहा तास लागतात.

आता 'का' याचं उत्तर. चामड्याची वरची बाजू घट्ट असते, पण कापलेली कड म्हणजे उघडे तंतू, आणि ते वातीसारखं पाणी ओढतात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. रंगाच्या खाली कड उघडीच राहिली असेल तर पहिल्या जूनमध्ये ती फुगते, थर सुटू लागतात आणि रंगाची पापडी निघते. मेणानं दाबून बंद केलेली कड पूर्ण जलरोधक होत नाही, पण पाणी आत जायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तुम्ही घरी पोचता. फिनिशिंगला सजावट समजणाऱ्यांना मी म्हणून म्हणतो, ही बुटाची शेवटची शिवणच आहे.

८. माझ्या बुटाच्या तळाला टाके दिसतच नाहीत. फसवलं का मला?

लगेच तसं समजू नका. चांगल्या बुटात तळाच्या कडेला तिरका छेद देऊन चामड्याची पातळ पापुद्री उचलतात, खाली खाच करून त्यात शिवतात आणि पापुद्री चिकटवून परत बंद करतात. वरून वेल्टवर टाके दिसतात, खालून नाहीत. पावसात वापरल्यावर ती पापुद्री कुठं कुठं उघडते. टाके शाबूत असतील तर बुटाला धोका नाही, वाळवून पुन्हा चिकटवता येते. वेल्टवरचे टाके मात्र खरे आहेत का ते बघा. नुसत्या दाबून काढलेल्या रेघा असतील तर बूट चिकटवलेला आहे.

९. तुळशीलग्नानंतर लगेच लग्न आहे. ऑक्टोबरात ऑर्डर दिली तर चालेल का?

नाही. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी माप द्या. ख्रिस्ती कुटुंबांतल्या डिसेंबर-जानेवारीच्या लग्नांसाठी फार तर चवथ झाल्यावर लगेच.

याचं कारण माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका नवरदेवाच्या वडिलांनी फार गळ घातली. पाऊस अजून रेंगाळत होता आणि मी जोड चौथ्या दिवशी फर्म्यावरून काढला. दिसायला सुरेख होता. लग्नाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुढचं टोक बसलं आणि टाचेची बाजू बाहेर फाकली. ओलसर ओढलेलं चामडं फर्म्यावर वाळतं, तेव्हाच ते तो आकार धरतं, आणि आतून ओल राहिली तर ते आपल्या मूळ आकाराकडे परत जातं. मी त्यांना दुसरा जोड विनामूल्य करून दिला, पण लग्नाचे फोटो त्याच बुटांत आहेत. त्या दिवसापासून कोरड्या दिवसांत किमान दहा दिवस आणि पावसाळ्यात तीन आठवडे जोड फर्म्यावरून उतरत नाही, समोर कोणीही असो.

१०. गायीचं चामडं नको आहे. पर्याय आहे का?

आहे, आणि तडजोड म्हणून नव्हे. वरच्या भागाला बकऱ्याचं चामडं मऊ, हलकं आणि चिवट असतं, उकाड्यात बरं वाटतं. तळाला म्हशीचं. कोल्हापुरी चपलांची परंपरा बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्यावरच उभी आहे. २०१९ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर आपल्या शेजारचा बेळगावही आहे. परदेशी कॅटलॉग बघून येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो: आरी आणि रापी चालवणारे हात आपल्या चर्मकारांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि मलाही त्यांनीच शिकवलं. कुठलंच चामडं नको असेल तर मायक्रोफायबर मिळतं, पण त्याची कड प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे मेणानं बंद होत नाही, घडी घालून शिवावी लागते.

११. सोल चामड्याचा घ्यावा की रबराचा?

लग्नसमारंभ, कार्यालय, गाडीतून ये-जा असेल तर चामड्याचा. पावसात चालणार असाल, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरणार असाल तर रबराचा. हाताने शिवलेल्या वेल्टवर रबरी सोलही तितकाच पक्का बसतो. मधला मार्ग म्हणजे चामड्याच्या सोलवर चवड्याखाली पातळ रबर. जुन्या घरांतल्या गुळगुळीत लाद्यांवर नवा चामड्याचा सोल घसरतो, वयस्क माणसांना मी ते रबर पहिल्या दिवसापासून लावून देतो.

१२. पावसाळ्यात कपाटातल्या बुटांवर पांढरी बुरशी येते. काय करू?

बूट बाहेर नेऊन पुसा, घरात झटकू नका, नाहीतर ती बाकीच्या जोडांवर बसते. सुक्या फडक्यानं काढल्यावर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, फडकं नीट पिळून अस्तरासकट पुसा (आधी न दिसणाऱ्या जागी करून बघा). सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळवा, मग क्रीम लावा. प्लास्टिकच्या पिशवीत बूट कधीच ठेवू नका, कापडी पिशवी हवी. आत पॉलिश न केलेल्या लाकडाचं शू-ट्री (बुटात ठेवायचा पायाच्या आकाराचा ठोकळा) ठेवलं तर ते ओल ओढतं आणि आकारही धरतं. कपाटात झीरोचा बल्ब लावायची आपल्याकडची जुनी पद्धत उत्तम आहे, पण त्या जागी एलईडी लावला असेल तर उपयोग नाही, तो जवळजवळ ऊबच देत नाही.

१३. बूट चिंब भिजले. हेअर ड्रायर चालेल?

अजिबात नाही. वनस्पतींनी कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण ७०-८० अंश सेल्सिअसला आकसतं, आणि एकदा आकसलं की परत येत नाही. लेस काढा, कोरा कागद भरा (वर्तमानपत्राची शाई फिक्या अस्तराला लागते), बूट कुशीवर ठेवा म्हणजे तळालाही वारा लागेल. कागद बदलत राहा. दोन-तीन दिवस लागले तर लागू द्या.

तांबडी माती लागली असेल तर ओली असताना पुसू नका, ती चामड्याच्या रंध्रांत जाते. वाळू द्या आणि ब्रशनं झाडा. किनाऱ्यावरच्या खारट पाण्याची पांढरी रेघ उठली तर प्रश्न १२ मधलंच व्हिनेगरचं पाणी चालतं.

१४. लग्नातले बूट आठ वर्षं जपून ठेवले, घातले तर सोलचा चुरा झाला! न वापरता असं कसं?

न वापरल्यामुळेच लक्षात आलं नाही. तो सोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असणार. हवेतल्या ओलीनं पीयूची रासायनिक साखळी हळूहळू तुटत जाते आणि दमट हवेत हे लवकर होतं. जपून ठेवल्यानं ते थांबत नाही. वरचं चामडं चांगलं असलं तरी वेल्ट नसेल तर नवा सोल फक्त चिकटवता येतो, त्याची खात्री मी देत नाही. नवे बूट घेताना सोल कशाचा आहे ते विचारा.

१५. देवळात दहा वेळा बूट काढावे लागतात. लेसचे बूट घेऊ की नको?

मंगेशी, म्हार्दोळ, कवळे असा एका दिवसाचा फेरा असेल तर लोफर घाला. लेसचे बूट लेस न सोडता टाच दाबून घालायची सवय मात्र सोडा. टाचेतला जो कडक तुकडा आम्ही छिलून बसवतो (प्रश्न ५) तो एकदा मोडला की बूट उघडल्याशिवाय बदलता येत नाही. शू-हॉर्न गाडीत ठेवा. आपल्या 'सपाता' या शब्दामागे पोर्तुगीज 'सापातो' आहे. तिकडं त्याचा अर्थ बूट, आपल्याकडं घसरता घालायची चप्पल. तुम्हाला घसरता घालायचं असेल तर सपाताच बऱ्या.

१६. सोल किती वेळा बदलता येतो?

हाताच्या वेल्टवर तीन-चार वेळा सहज. दर वेळी जुन्याच भोकांतून शिवलं तर वेल्ट जास्त टिकतो, आणि वेल्टच झिजला तर तोही नवा घालता येतो. सोलला मधोमध बोटानं दाबून तो लवायला लागला की आणा, भोक पडेपर्यंत थांबू नका.

१७. नव्या बुटाच्या फिक्या तळावर निळसर-काळे ठिपके दिसतात. बुरशी आहे का?

बुरशी पुसली जाते, हे ठिपके पुसले जात नाहीत. वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, ओलं असताना त्याला लोखंडाचा कण लागला की शाईसारखा काळा डाग पडतो. जुन्या काळी शाई अशीच करत. खिळा, गंजलेली हातोडी, आरी, कशानंही हे होतं, आणि आपल्या हवेत हत्यारं रात्रीत गंजतात. आम्ही रोज काम संपलं की हत्यारांना तेलाचा हात फिरवतो. तळ कमकुवत होत नाही. लिंबाचा रस लावून लगेच ओल्या फडक्यानं पुसला तर डाग बराच फिका होतो.

१८. आजोबांचे १९६१ पूर्वीचे शिवलेले बूट पेटीत सापडले. घालता येतील का?

घालायची घाई करू नका, आधी वाकवूही नका. चामड्याला तडे आहेत का, बोटाला लालसर भुकटी लागते का ते बघा. भुकटी लागत असेल तर चामड्याचे तंतूच कुजले आहेत, ते बूट जपून ठेवायचे, घालायचे नाहीत. भुकटी नसेल तर कंडिशनरचा पातळ हात द्या, दोन दिवस थांबा, पुन्हा द्या, आणि मगच हलक्या हातानं वाकवून बघा. तेलात बुडवू नका, खोबरेल तर नकोच: ते शिवणीत झिरपतं, जुना दोरा सैल करतं आणि त्यानंतर नवा सोल चिकटत नाही. दोरा तपासायला वेल्टचा एक टाका आरीच्या टोकानं अलगद उचलून बघतात. तो तुटला तर सगळी शिवण नव्यानं घालावी लागेल, आणि वरचं चामडं ते सोसेल की नाही हे बूट हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही. फोटो पाठवू नका, बूट कापडात गुंडाळून घेऊन या.